यात उतरणार कोण?

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. शाळेच्या आवारात मराठी बोललं की वहीत नाव लिहिलं जायचं. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी बोलायचो तेवढंच. शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या, हे आधीच सांगून टाकते. आणि विषय? विषय आहे गटार! हॉस्टेलवर सांगितलं तर सगळ्या जणी ओरडल्या, "अगं पावसावर लिही, मैत्रीवर लिही, गटारावर काय लिहितेस?" पण काय करू, गेले काही महिने दुसरं काही डोक्यात येतच नाही. कारण मी एका गावाच्या भुयारी गटाराचं ड्रॉइंग केलंय. ते चुकलंय. आणि ते आज त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे.

झालं असं. डिसेंबरमध्ये आमचा एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प सोलापूरकडच्या एका छोट्या गावात होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वस्ती साधारण १२००. वर माळावर पाण्याची टाकी, मधोमध मारुतीचं देऊळ आणि झेडपीची शाळा, खाली ओढा. दोन वर्षांपूर्वी गावात घरोघरी नळ आले. त्याआधी हातपंप आणि उन्हाळ्यात टँकर. डोक्यावरून आणलेलं पाणी कुणी सांडत नाही, त्यामुळे तेव्हा सांडपाण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. नळ आला, घरात संडास-न्हाणी झाली, आणि पाठोपाठ गल्लीत पाणी साचायला लागलं. आम्ही गेलो तेव्हा देवळामागच्या गल्लीत दगडांवर पाय ठेवत ठेवत चालावं लागत होतं. डास तर विचारू नका.

सरांनी आमच्या पाच जणांच्या ग्रुपला काम दिलं, "गावाचं लेव्हलिंग करा आणि सीवर लाइन डिझाइन करून दाखवा. मिनी प्रोजेक्ट म्हणून चालेल." आम्ही खूश! तीन दिवस ऑटो लेव्हल आणि स्टाफ घेऊन गावभर फिरलो. पोरं मागे, म्हाताऱ्या ओट्यावरून विचारणार, "रस्ता होणार का काय?" चौथ्या दिवशी कंटूर काढले. वरच्या टोकापासून ओढ्यापर्यंत ६०० मीटर, आणि तेवढ्यात जमीन उतरते फक्त ४ मीटर. पुस्तकात होतं तसं सगळं केलं. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्याचं ८० टक्के सांडपाणी, पीक फॅक्टर ३, पाइप १५० मिलिमीटरचा, उतार १०० ला १, दर ३० मीटरवर एक मॅनहोल. पाइपातल्या पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग पाहिजे, म्हणजे गाळ बसत नाही, पाइप आपोआप धुतला जातो. आमचा आला ०.७५. टाळ्या!

आणि लाइन जिथे संपते तिथे, म्हणजे कंटूरवर सगळ्यात खाली, ओढ्याच्या काठाला, आम्ही एक सुंदर आयत काढला आणि आत लिहिलं, ‘ट्रीटमेंट’.

पाचव्या दिवशी संध्याकाळी देवळासमोर बैठक झाली. चार्ट भिंतीला लावला. सरपंचबाई पुढे बसल्या होत्या, बरीच मंडळी जमली होती. मी मोडक्यातोडक्या मराठीत समजावून सांगितलं. लोकांना आवडलं. कुणीतरी म्हणालं, "शहरासारखं होतंय की आपलं गाव." मी आतून फुगले होते. मग अगदी मागे, पायऱ्यांच्या खाली बसलेल्या एक आजी उठल्या.

"पोरी, ही शेवटची चौकट हाय न्हवं, ती कुटं येती?"

मी ओढ्याजवळची जागा दाखवली.

"म्हंजी आमच्या दारात."

मी चार्टकडे पाहिलं. तिथे वीस-पंचवीस घरं होती. लेव्हल घेताना मी त्या घरांच्या कोपऱ्यावर स्टाफ उभा केला होता. ड्रॉइंगवर ती घरं मी काढलीच नव्हती!

"गावाचं समदं घाण पाणी आमच्याकडंच का गं येतंय?"

मी खरं उत्तर दिलं. म्हणजे मला तेव्हा खरं वाटलेलं. "आजी, पाणी उताराने जातं. तुमची वस्ती खाली आहे ना."

आजी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी एका मॅनहोलच्या गोलावर बोट ठेवलं. "आन ह्यात उतरणार कोण?"

बैठकीत एकदम शांतता झाली. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हा पाच इंजिनीअर्सना.

दुसऱ्या दिवशी मी आजींच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला. त्यांचा धाकटा मुलगा काही वर्षं शहरात एका कंत्राटदाराकडे चेंबर साफ करायच्या कामाला होता. एकदा आत गुदमरला, वरच्यांनी दोर ओढून काढला म्हणून वाचला. आता तो मजुरीला जातो, पण पायऱ्या चढताना दम लागतो. आजींच्या प्रश्नामागे काय होतं ते मला तेव्हा कळलं.

तिथेच मी आणखी एक गोष्ट शिकले, आणि तीही भाषेची! मी सगळ्याला ‘सीवेज’ म्हणत होते. आजी म्हणाल्या, तीन पाणी वेगळी असतात. भांड्यांचं, धुण्याचं, न्हाणीचं ते सांडपाणी. संडासाचं ते मैल्याचं. आणि पावसात कौलावरून गळतं ते पागोळ्यांचं. सांडपाणी आळूला, केळीला चालतं, पागोळ्यांचं तर चांगलंच, मैल्याचं मात्र जमिनीतच गेलं पाहिजे. आमच्या पुस्तकात हेच तीन प्रकार एका पानावर इंग्रजी नावांनी दिलेत. मी ते पान परीक्षेला पाठ केलं होतं. पण डिझाइन करताना तिन्ही पाणी एकच समजून पाइपात ढकलायला निघाले होते. ‘आळू’ म्हणजे काय हे मला माहीत होतं, ते न्हाणीच्या मागेच का लावतात हे माहीत नव्हतं.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी गणित पुन्हा मांडलं. मित्रांनो, इथे थोडे आकडे येतील, इतर ब्रँचवाल्यांनी घाबरू नये.

१३५ लिटर हा आकडा भुयारी गटार असलेल्या शहरांसाठीचा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने गावासाठी धरलेला आकडा आहे माणशी ५५ लिटर. १२०० माणसं, ५५ लिटर, त्याचं ८० टक्के. म्हणजे दिवसाला ५२,८०० लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण सेकंदाला हिशेब केला तर ०.६१ लिटर, आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी त्याच्या तिप्पट धरलं तरी १.८ लिटर. आमच्या १५० मिलिमीटरच्या पाइपाची ताकद आहे सेकंदाला १५ लिटरची! वेग आला ०.५८. म्हणजे सगळ्या गावाचं पाणी जिथे एकत्र येतं त्या शेवटच्या पाइपातसुद्धा, दिवसातल्या सगळ्यात जास्त गर्दीच्या वेळी, पाइप जेमतेम धुतला जात नाही.

आणि वरच्या गल्लीत काय? तिथे दहा घरं, पन्नास माणसं. त्यांचं सांडपाणी तासाला सरासरी ९२ लिटर. म्हणजे तासाला सहा बादल्या. सहा बादल्या पाणी तासभर थेंब थेंब सोडा आणि त्याने मैला, राख, भांड्यांची माती, शॅम्पूच्या पुड्या सगळं ६०० मीटर वाहून जाईल अशी अपेक्षा करा! पाणी पुढे जाणार आणि बाकी सगळं मागे राहणार. मग पाइप तुंबणार. मग कुणीतरी झाकण उघडणार.

खोलीचं बघा. १०० ला १ उतार म्हणजे ६०० मीटरला पाइप ६ मीटर खाली जातो, जमीन मात्र ४ मीटरच उतरते. सुरुवातीला पाइप ०.९ मीटर खोल असला तर शेवटी तो २.९ मीटरवर जातो. जवळजवळ दहा फूट. खाली काळा पाषाण. खणायचा खर्च वेगळाच, पण दहा फूट खोल मॅनहोल म्हणजे माणूस पूर्ण आत जाईल असा खड्डा. मुख्य लाइनवरच असे एकवीस मॅनहोल. त्यातले वरचे कंबरेएवढे, खालचे डोक्यावरून जाणारे. आणि खालचे कुणाच्या दारात, ते आलंच.

तुंबलेल्या गटारात मैला सडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो. थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं, चला, आता वास नाही, बरं आहे. आणि तो तिथेच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

कायदा आहे. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं हा गुन्हा ठरवला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘मॅनहोल’कडून ‘मशीन होल’कडे जायचं, असं जाहीर झालं. चांगलंच आहे. पण ती घोषणा शहरं आणि नगरांसाठी होती. गावाकडे सक्शन मशीन कुठून येणार? तालुक्याहून. कोण बोलावणार, पैसे कोण देणार, आणि आमच्या त्या अरुंद गल्लीत टँकर शिरणार कसा? मशीन येणार नाही. मग बोलावणं कुणाला जाणार, हे आजींना आमचा चार्ट पाहताक्षणी कळलं होतं.

म्हणून माझं मत मी सरळ लिहिते. ज्या गटाराची सफाई कोण आणि कशी करणार हे ड्रॉइंगवर लिहिता येत नाही, ते गटार आखूच नये. छोट्या गावाला शहराचं गटार लहान करून देणं म्हणजे डिझाइन नव्हे.

आता ‘उताराचं’ बोलते, कारण ते मला जास्त लागलं. मी आजींना सांगितलं की पाणी उताराने जातं. त्यात खोटं काही नाही. पण ती घरं उताराच्या टोकाला का आहेत? ती तिथे आपोआप वाहत नव्हती गेली. गावाने पिढ्यान् पिढ्या ज्यांना शिवेच्या कडेला ठेवलं, ज्यांच्याकडून मेलेली जनावरं ओढून घेतली, त्यांना जागा मिळाली ती सगळ्यात खालची, पुराची, ओढ्याची. कंटूर खरं बोलतो, पण अर्धंच बोलतो. सगळ्यात खालचा बिंदू कुठे आहे हे तो सांगतो, तिथे कोण राहतं आणि का राहतं हे सांगत नाही. ते आपण विचारायचं असतं. मी विचारलं नाही. उलट ती घरं ड्रॉइंगवरून गाळली, म्हणजे आयत नीट बसला!

हे सगळं मी ग्रुपमध्ये बोलले तेव्हा आमच्यातला एक जण चिडला. तो स्वतः खेड्यातला आहे. म्हणाला, "तुम्हा शहरातल्यांना बटण दाबलं की झालं. कुठे जातं ते बघायलासुद्धा नको. आणि गावाचा विषय आला की तुम्हाला खड्डे आठवतात. आम्ही काय कायम खड्ड्यावरच बसायचं का? गावाला भुयारी गटार नको म्हणणारी तू कोण?"

खरं सांगते, मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. त्याचं म्हणणं खोटं नाहीये. स्वस्तातलं ते गावाला आणि चांगलं ते शहराला, हा न्याय आपण वर्षानुवर्षं करत आलोय. शिवाय सगळीकडे खड्डे चालतही नाहीत. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं आहेत, परसच नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही. विहीर जवळ असेल, किंवा पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येत असेल, तर मैल्याचं पाणी मुरवणं धोक्याचंच. तिथे पाइप लागणारच. मी पाइपाच्या विरोधात नाही. पण मी त्याला एवढंच विचारलं, "तुंबल्यावर तुझ्या घरचं कुणी उतरेल का?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "नाही." मीही उतरले नसते. आम्ही दोघंही ज्यात उतरणार नाही ते दुसऱ्यासाठी आखायचं, हे चांगलं इंजिनीअरिंग कसं म्हणायचं? त्यानंतर आम्ही भांडलो नाही, कामाला लागलो.

आमच्या नव्या आराखड्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. यात आमचं डोकं कमी आणि लोकांनी आधीच करून ठेवलेलं जास्त आहे.

पहिलं, तिन्ही पाणी वेगळी ठेवायची. पागोळ्यांचं पाणी सांडपाण्यात येऊ द्यायचं नाही, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं भरून वाहतं. ज्यांना परस आहे त्यांचं सांडपाणी परसबागेत किंवा शोषखड्ड्यात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गल्लीतलं पाणी आणि डास दोन्ही हटवले, हे आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. मात्र आधी जमीन तपासायची. खड्डा खणायचा, रात्रभर पाणी मुरू द्यायचं, सकाळी पुन्हा भरून पाणी किती वेळात किती उतरतं ते घड्याळ लावून मोजायचं. यंत्र लागत नाही, फूटपट्टी लागते. हे न करता शोषखड्डा खणला तर पुढच्या वर्षी ते डबकं होतं.

दुसरं, संडासाला शक्य तिथे दोन खड्डे. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं आणि पहिला झाकून ठेवायचा. वर्ष-दोन वर्षांत आतल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. गावात बहुतेकांकडे आहे ती ‘सेफ्टी टाकी’. सेप्टिक टँकला तिकडे सगळे सेफ्टी टाकी म्हणतात, आणि त्यात सेफ्टी तेवढीच नसते. तिच्यातून निघालेलं पाणी सरळ गल्लीत सोडलेलं असतं, आणि ती भरली की पुन्हा तोच प्रश्न, उपसणार कोण? दोन खड्ड्यांच्या संडासात ताजा मैला कुणालाच उपसावा लागत नाही. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, खर्च नंतर.

तिसरं, देवळाभोवतीच्या दाट गल्ल्यांसाठी पाइप, पण वेगळा. घराजवळच्या छोट्या टाकीत गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणीच फक्त पाइपात सोडायचं. गाळ नसला की वेगाची आणि तीव्र उताराची एवढी गरज राहत नाही. मग १०० मिलिमीटरचा पाइप चालतो, जमिनीच्या उताराबरोबरच जातो, खोल जात नाही. मॅनहोलऐवजी छोटे चेंबर, ज्यात माणूस शिरूच शकणार नाही. वरून बांबू किंवा सळई घालून साफ करायचे. ब्राझीलमधल्या नाताल शहरात १९८० च्या दशकात घरांच्या मागून, उथळ, लहान पाइपांची गटारं केली गेली. त्याच काळात, १९८० पासून, कराचीच्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांच्या मार्गदर्शनाखाली एकेका गल्लीतल्या लोकांनी स्वतः वर्गणी काढून आपल्या गल्लीचं गटार बांधलं आणि तेच सांभाळलं. म्हणजे साधं ते कमी दर्जाचंच असतं असं काही नाही. आमच्या त्या मित्राला हे विशेष पटलं. टाक्यांतला गाळ काही वर्षांनी उपसावा लागतोच, म्हणून टाक्या अशा जागी ठेवल्यात की टँकर रस्त्यावर उभा राहील आणि नळी टाकीपर्यंत पोचेल. त्या टँकरचे पैसे ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळे धरायचे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी गावांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. बांधायला पैसे मिळतात, सांभाळायला कुणी धरतच नाही.

चौथं, तो शेवटचा आयत. सगळ्यात अवघड हेच. आम्ही पुन्हा कंटूर पाहिले तेव्हा लक्षात आलं की पाणी थोडं आणि पाइप उथळ असला की ते सगळ्यात खालच्या बिंदूलाच न्यायची गरज नाही. वस्तीच्या अलीकडेच वळवून पूर्वेच्या पडीक जागेत नेता येतं. तिथे खडी भरून कर्दळ लावलेला वाफा, आणि त्यातून निघालेलं पाणी खालच्या शेताला, चाऱ्याच्या पिकाला. पाइप ११० मीटर जास्त लागतो. पंप लागत नाही. म्हणजे पहिल्या ड्रॉइंगच्या वेळीसुद्धा आम्ही शोधलं असतं तर दुसरी जागा सापडली असती. आम्हाला शोधायची गरजच वाटली नाही, कारण उत्तर कंटूरने दिलं होतं.

आणि पाचवं, ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात स्केल, तारीख, ‘ड्रॉन बाय’, ‘चेक्ड बाय’ असे रकाने असतात ना, तिथे आम्ही आणखी एक रकाना काढलाय, ‘देखभाल कोण करणार’. तो आम्ही रिकामा ठेवलाय. तो ग्रामसभेने भरायचा.

थोडं आपल्या अभ्यासक्रमाबद्दलही बोलते. सर लोकांनी रागवू नये. आमच्या परीक्षेतला प्रश्न नेहमी असाच असतो, ‘५०,००० लोकसंख्येच्या शहरासाठी सीवर डिझाइन करा.’ १२०० च्या गावासाठी करा, असा प्रश्न मी एकदाही पाहिला नाही. आणि देखभालीचा भाग युनिटच्या शेवटी असतो, जो आपण सगळे ऑप्शनला टाकतो. मीही टाकला होता! शिकताना जे ऑप्शनला टाकलं तेच नेमकं आजींनी विचारलं. सरांना हे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या मिनी प्रोजेक्टला हाच प्रश्न ठेवू." बघू, ठेवतात का.

पण खरी अडचण वेगळीच आहे. आमचं पहिलं ड्रॉइंग कॅम्प संपताना आम्ही मोठ्या अभिमानाने ग्रामपंचायतीला भेट दिलं होतं. लॅमिनेट करून! ते लोकांना आवडलंय. सरपंचबाईंशी फोनवर बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, तुमचाच नकाशा प्रस्तावाला जोडायचं चाललंय." मी त्यांना सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मला कळतंय ओ, पण लोकांना भुयारी गटार पायजे. तुम्हीच येऊन सांगा. १ मेला ग्रामसभा हाय."

१ मे म्हणजे आमची सबमिशन्स, ओरल्स, सगळं डोक्यावर. तरी आम्ही पाचही जण जाणार आहोत. ज्या भिंतीवर चार्ट लावून टाळ्या घेतल्या, त्याच भिंतीसमोर उभं राहून ‘आमचं चुकलं’ असं सांगायचंय. लोक ऐकतील का? माहीत नाही. ‘शहरासारखं’ या शब्दाचं वजन फार असतं. कुणी म्हणेल, पोरांना आधी कळत नव्हतं, आता कशावरून कळतंय? त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाहीये. मी फक्त सहा बादल्यांचा हिशेब सांगणार आहे, आणि नव्या ड्रॉइंगवर ती वीस-पंचवीस घरं दाखवणार आहे. यावेळी एकेक घर मोजून काढलंय. तेवीस आहेत.

ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही कधीतरी कॅम्पला जाल, कुठल्यातरी गावाचं ड्रॉइंग कराल. आकडे नीट घ्या, कंटूर नीट काढा, ते पाहिजेच. पण चार्ट भिंतीला लावायच्या आधी एकदा उताराच्या टोकापर्यंत चालत जा, तिथल्या माणसांना तो दाखवा, आणि बैठकीत सगळ्यात मागे कोण बसलंय ते बघा. आणि हो, जाताना मराठी शब्द थोडे जास्त घेऊन जा. मला नव्हते, म्हणून सांगते.

(टी. ई. सिव्हिल)